नातेवाइकांना बोलावून घ्या

तक्रारसाहेबांना नाटकात एकच वाक्य होतं आणि ते पाठ होऊन सव्वीस दिवस झाले होते.

"आम्हाला शक्य होतं ते सगळं आम्ही केलं. आता नातेवाइकांना बोलावून घ्या." नीट मोजलं तर ही दोन वाक्यं भरतात, आणि तक्रारसाहेब स्वतः ती दोनच मोजत. तिसऱ्या अंकात पांढरा कोट घालून उजवीकडून यायचं, खाटेवरच्या म्हाताऱ्याची नाडी बघायची, हे बोलायचं आणि डावीकडून निघून जायचं. सगळं मिळून चाळीस सेकंदांचं काम. पण या चाळीस सेकंदांची वाट त्यांनी एकोणतीस वर्षं पाहिली होती.

ते पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार कक्षात होते. नळाला पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, गढूळ नसेल तर नको त्या वेळी येतं, असं लोक फोनवर सांगत आणि ते लिहून घेत. खुर्ची इतकी जुनी झाली होती की ऑफिसात त्यांचं खरं नाव कोणाला आठवायचं नाही. शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे तक्रारसाहेबच म्हणत. स्वतः त्यांनी मात्र आयुष्यात कधी तक्रार केली नव्हती. करायला जागा तर बरीच होती. बाविसाव्या वर्षी त्यांना नाटकात काम मिळालं आणि प्रयोगाच्या दिवशी बहीण जिन्यावरून पडली. एकतिसाव्या वर्षी मिळालं तेव्हा बदलीचा हुकूम आला. चाळिसाव्या वर्षी मिळालं तेव्हा पहिल्या घंटेला शहराची मुख्य जलवाहिनी फुटली आणि राजाच्या पोशाखातल्या तक्रारसाहेबांना ऑफिसची जीप रंगपटातून उचलून घेऊन गेली. रात्रभर लोक चिखलातल्या राजाकडे तक्रारी नोंदवत होते.

या तिन्ही वेळा आपण आधी घरी सांगितलं होतं, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. घरात सांगितलं की घरात काम निघतं, असा त्यांचा सिद्धांत झाला. म्हणून या वेळी त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. संध्याकाळी तालमीला जाताना ते बायकोला सांगत, "गळतीचं सर्वेक्षण आहे." ती पडदे शिवायची. यंत्रावरून मान वर न करता ती विचारायची, "सापडली का गळती?" ते म्हणायचे, "शोध चालू आहे."

नाटक बसवत होते एक दातांचे डॉक्टर. सगळे त्यांना दातवाले म्हणत. मंडळात एक खरा डॉक्टर असताना डॉक्टरची भूमिका तक्रारसाहेबांकडे कशी आली, हा प्रश्न एकदा निघाला होता. दातवाले म्हणाले, "मी स्टेजवर आलो की लोक तोंड मिटून घेतात. डॉक्टर कसा हवा? ज्याला वाईट बातमी द्यायची सवय आहे." तक्रारसाहेबांना ती होती. उद्याही पाणी येणार नाही, हे ते दिवसातून तीस वेळा सांगत.

अडचण एकच होती, की तालीम फक्त संध्याकाळी आणि घरात तोंड उघडायची सोय नाही. त्यामुळे वाक्याचा खरा सराव ऑफिसातच व्हायचा, दुपारी, शेजारच्या टेबलवाले जेवायला गेले की.

प्रयोग शनिवारी होता. बुधवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, चार तासांच्या अंतरावर राहणारी. दोघींचे वडील, आप्पा, गेली दोन वर्षं थोरल्या लेकीकडे, म्हणजे तक्रारसाहेबांच्याच घरी होते. एकोणऐंशी वय, गुडघा कुरकुरत होता, बाकी प्रकृती ठणठणीत.

"भाऊजी, इथं गुडघ्याचे पट्टे चांगले मिळतायत. आप्पांना मधल्या मापाचा लागेल की मोठा?"

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. "एक मिनिट हं," असं म्हणून तक्रारसाहेबांनी रिसीव्हर फायलींच्या गठ्ठ्यावर आडवा ठेवला. दुसऱ्या फोनवर एका बाईंच्या बाथरूममध्ये वरच्या मजल्यावरच्यांचं पाणी येत होतं. ते लिहून घेईपर्यंत मेहुणी, आप्पा आणि गुडघा हे तिघंही त्यांच्या डोक्यातून पुसले गेले. कक्षात कोणी नव्हतं. तक्रारसाहेब उठले, त्यांनी दार लोटलं आणि घसा खाकरला.

पहिल्यांदा त्यांनी वाक्य साधं म्हटलं. मग दातवाल्यांनी सांगितलं होतं तसं, 'शक्य होतं' वर थांबून म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांना आतून काहीतरी लागलं. आवाज चिरकला, 'नातेवाइकांना' हा शब्द घशात अडकला, मग कसाबसा बाहेर पडला आणि तक्रारसाहेब टेबलाचा काठ धरून उभे राहिले. असं त्यांना कधीच जमलं नव्हतं. डोळे पुसून ते खुर्चीत बसले, समोर आडवा पडलेला रिसीव्हर बघितला आणि जागेवर ठेवून दिला.

पलीकडे मेहुणी "भाऊजी! अहो भाऊजी!" करून थकली होती.

आता तिनं ताईच्या घरी फोन करून विचारायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. तिनं ते केलं नाही, कारण ती विचार करणारी बाई होती. घरचा फोन आप्पांच्या खाटेशेजारी असायचा आणि तेच उचलायचे. शिवाय भाऊजी ऑफिसात एकट्यानं रडत होते, याचा अर्थ ताईला अजून काही माहीत नव्हतं. डॉक्टरांचे शब्द तो बिचारा माणूस मनात घोळवत होता, स्वतःलाच सांगून बघत होता, की घरी सांगायचं कसं. मेहुणीनं दोन दिवस तक्रार कक्षाचा फोन लावून पाहिला. तो लागला नाही, पण तो सहसा कोणालाच लागत नसे. शुक्रवारी संध्याकाळी तिनं दोन्ही भावांना, आत्याला आणि आप्पांच्या चुलतभावाला कळवलं. घरी कोणी फोन करायचा नाही, अशी ताकीदही दिली.

शनिवारी तक्रारसाहेबांना सुट्टी होती. दुपारी साडेबाराला दारात टॅक्सी थांबली आणि मेहुणी नवऱ्यासकट उतरली. आत आल्या आल्या तिनं ताईला मिठी मारली.

"ताई, धीर धर."

"धरते," बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. "पण कशाला?"

मेहुणीनं ताईच्या खांद्यावरून भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. बुधवारचा आडवा रिसीव्हर त्यांना त्या क्षणी आठवला. हिनं सगळं ऐकलंय. नाटकाचं हिला कळलंय. त्यांनी तिला पाणी द्यायच्या निमित्तानं गॅलरीत नेलं.

"बुधवारी फोनवर ऐकलंस ना तू?"

"सगळं ऐकलं, भाऊजी."

तक्रारसाहेबांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांना राहवेना. "कसं वाटलं?"

"कसं वाटणार? काळीज फाटलं. तिसऱ्यांदा म्हणालात ना, तेव्हा मी मटकन खालीच बसले."

एकोणतीस वर्षांत त्यांना मिळालेली ही पहिली दाद होती. त्यांनी गॅलरीचा कठडा धरला.

"घरात कोणाला बोलू नकोस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज संध्याकाळनंतर आपोआप कळेल."

"आज?" मेहुणीचा चेहरा पांढरा पडला. "आजच?"

"सातला सुरू होतं. पण माझ्या अंदाजानं खरा क्षण यायला साडेआठ वाजतील. मग काही नाही, अर्ध्या मिनिटात संपतं."

"इतकं नक्की सांगितलंय?"

"मिनिटामिनिटाचं ठरलेलं असतं."

"फार त्रास होईल का हो?"

"घसा जरा कोरडा पडतो. आधी घोटभर पाणी घेतलं की झालं."

मेहुणीनं पदराचं टोक तोंडावर धरलं. "आम्ही जवळ थांबलो तर चालेल?"

"आलात तर आनंदच आहे. फक्त फार जवळ नको. दडपण येतं." मग त्यांना शंका आली. "तू आणखी कोणाला सांगितलंस की काय?"

"सांगावंच लागलं. दोन्ही दादा निघालेत. आत्यापण येतेय."

आपल्या दोन वाक्यांसाठी ऐंशी वर्षांची आत्या एवढ्या लांबून येते आहे, हे ऐकून तक्रारसाहेबांचे डोळे भरून आले. ते बघून मेहुणीचेही आले. दोघंही आपापल्या कारणासाठी बराच वेळ रडले.

दोन वाजता मोठे मेहुणे आले. त्यांच्याबरोबर घडीची खाट होती, म्हणजे मुक्काम किती दिवसांचा याबद्दल त्यांनी काही गृहीत धरलं नव्हतं. अडीच वाजता धाकटे आले. या दोघा भावांमध्ये सहा वर्षं बोलणं नव्हतं. मोठ्यांनी दिलेली शिडी धाकट्यांनी परत केली तेव्हा तिची एक पायरी कमी होती, आणि पायरी आधीपासूनच नव्हती असं धाकट्यांचं म्हणणं होतं. आता ते एकाच कोचाच्या दोन टोकांना बसले. तीन वाजता भाड्याच्या गाडीतून आत्या उतरली. प्रत्येकानं संत्री आणली होती. बायको स्वयंपाकघरात चहाचे कप मोजत होती आणि दर वेळी ते कमी पडत होते.

"अहो," तिनं नवऱ्याला आत बोलावलं. "आज काय आहे?"

"काही नाही. सहज आले असतील."

"दादा खाट घेऊन सहज आला?"

"त्याला आपला कोच टोचतो."

बायकोनं कपांच्या रांगेत दोन पेले मांडले. तक्रारसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "मला पाचला गळतीला निघायचंय."

हे बाहेर मोठ्या मेहुण्यांनी ऐकलं. ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि दाटलेल्या आवाजात म्हणाले, "भाऊजी, आजचा दिवस तरी गळती राहू द्या." तक्रारसाहेबांना वाटलं, मेहुणा बायकोसमोर साळसूदपणाचा आव आणून आपल्याला साथ देतोय. त्यांनी त्याला हळूच डोळा मारला. मोठे मेहुणे एक पाऊल मागे सरकले.

आप्पांची झोप दुपारी चारला पुरी झाली. डोळे उघडले तर खाटेभोवती सहा माणसं. कोणी पायाशी, कोणी उशाशी, आत्या खुर्चीत, सगळ्यांची तोंडं उतरलेली. आप्पांनी चौतीस वर्षं कोर्टात पुकारा केला होता. पक्षकारांची नावं व्हरांड्यात उभं राहून ओरडायची आणि कोण हजर, कोण गैरहजर ते आत जाऊन सांगायचं. त्या सवयीनं त्यांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि हिशेब केला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मेहुणीनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"तुम्ही सगळे इथं आहात. म्हणजे..." आप्पा उठून बसले. "पोस्टमन गेला?"

पोस्टमन म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. पोस्टात होता म्हणून नव्हे, तर कोणाचीही गोष्ट कोणालाही पोचवायचा म्हणून. मोठे मेहुणे गांगरले. खरं काय ते सांगायचं नव्हतं आणि काहीतरी सांगणं भाग होतं. ते खाली बघून म्हणाले, "हो."

आप्पांनी चष्मा काढला. "चांगला माणूस होता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तसा चांगला नव्हता. पण येऊन बसायचा." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांना रडताना बघून आत्या रडू लागली, आत्या का रडतेय हे न विचारता मेहुणी रडू लागली, आणि बायको हातात ट्रे घेऊन दारातच थांबली, कारण घरात कोणीतरी गेल्याचं तिला आत्ताच कळत होतं.

दारावरची घंटा वाजली. उघडायला तक्रारसाहेब गेले. बाहेर संत्र्यांची पिशवी घेऊन पोस्टमन उभा होता.

त्याला थांबवायला वेळच मिळाला नाही. तो तरातरा आत शिरला, खाटेशी आला आणि आप्पांनी त्याला पाहिलं. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. बायकोच्या घरात ती बहुतेक पडलीही असेल.

"तू गेलास ना?" आप्पा म्हणाले.

"मी?" पोस्टमन म्हणाला. "मी कुठं गेलो? अरे, तू चाललायस म्हणून तर मी आलो!"

मग त्याच्या लक्षात आलं, पण तोवर गोष्ट पोचली होती.

आप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावून पाहिला, गुडघा हलवून पाहिला. मग कोर्टातली तारीख विचारावी तसं विचारलं, "कधी?"

मेहुणीला हुंदका आवरला नाही. "सात वाजता, आप्पा. भाऊजी म्हणाले, साडेआठला सगळं संपेल."

खोलीतल्या सगळ्या माना तक्रारसाहेबांकडे वळल्या. आयुष्यात एकदम इतक्या लोकांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं होतं. काय घडलंय ते त्यांना एका क्षणात कळलं आणि कळल्याबरोबर घसा कोरडा पडला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचला निघायला हवं होतं. खरं सांगितलं तर आज या घरातून जिवंत सुटका नव्हती, आणि नाही सांगितलं तर आप्पांना साडेआठपर्यंत जावं लागणार होतं. त्यांनी तोंड उघडलं. बाहेर काहीच पडलं नाही.

"त्यांचं नाटक आहे," बायको म्हणाली.

ट्रे टेबलावर ठेवून ती पुढं आली. "आज सातला, नाट्यगृहात. त्यात ते डॉक्टर आहेत. नातेवाइकांना बोलावून घ्या, असं म्हणतात. तेच म्हणत असतील फोनवर."

"तुला कसं माहीत?" तक्रारसाहेबांचा आवाज एकदाचा फुटला.

"तुमच्या दातवाल्यांनी नाटकाचा पडदा माझ्याकडेच शिवायला टाकलाय. सतरा मीटर कापड. मी माप घ्यायला गेले तर म्हणाले, तुमचे मिस्टर डॉक्टर शोभतात हो. तीन आठवडे झाले." ती कपांत चहा ओतत राहिली. "मी तुम्हाला रोज विचारत होते, सापडली का गळती. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"मला वाटलं, तुला सांगितलं की काहीतरी काम निघेल."

"न सांगता काय निघालं ते बघताय ना?" तिनं खोलीभर हात फिरवला.

पुढची पाच मिनिटं तक्रारसाहेबांना पुष्कळ काही ऐकून घ्यावं लागलं. मोठ्या मेहुण्यांनी त्यांना बेजबाबदार म्हटलं. धाकट्यांनी तेच म्हटलं, पण भावाशी एकमत दिसू नये म्हणून वेगळ्या शब्दांत. मेहुणीनं विचारलं, "मग माझ्यासमोर गॅलरीत रडलात ते काय होतं?" ते खरं होतं, असं तक्रारसाहेब सांगू लागले, पण ते कोणाला पटलं नाही. सगळ्यांत नाराज आत्या झाली होती.

"म्हणजे कोणीच जाणार नाहीये?" तिनं विचारलं. "मी कंबरेचा पट्टा बांधून पाच तास गाडीत बसून आले."

मग आप्पांनी चहाचा कप संपवला आणि पाय खाली सोडले.

"माझा पांढरा शर्ट काढा," ते म्हणाले. "एवढी माणसं आली आहेत. काहीतरी बघूनच जातील."

नाट्यगृहात साडेतीनशे खुर्च्या होत्या आणि अठ्ठेचाळीस प्रेक्षक. त्यातले घरचे आठ. तक्रारसाहेबांनी बायकोला चार वेळा बजावलं होतं, की पुढची रांग सोडून कुठंही बसा. आप्पांचा गुडघा वाकत नव्हता, पाय लांब करायला जागा फक्त पुढच्या रांगेत होती. त्यामुळे आप्पा पुढं बसले आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून सगळेच पुढं बसले. दोघे भाऊ शेजारी आले. दुसऱ्या अंकात मोठे धाकट्यांना म्हणाले, "सरक जरा." सहा वर्षांतले हे पहिले शब्द होते. धाकटे सरकले.

तिसरा अंक सुरू झाला. मरणाऱ्या म्हाताऱ्याचं काम एक बुकबाइंडर करत होता आणि तो फार मन लावून मरत होता. तक्रारसाहेब विंगेत पांढऱ्या कोटात उभे होते. बाहेर जलवाहिनी फुटल्याची काही चाहूल नव्हती. ते उजवीकडून आत गेले. प्रकाश डोळ्यांवर आला. त्यांनी नाडी पाहिली, वळले, आणि बुधवारी दुपारी जे लागलं होतं तेच पुन्हा आतून लागलं.

"आम्हाला शक्य होतं... ते सगळं आम्ही केलं." बाकीचे चाळीस जण श्वास रोखून बसले. "आता... नातेवाइकांना बोलावून घ्या."

खरोखर चांगलं झालं होतं. इतकं चांगलं, की आप्पा आपण कुठं आहोत ते विसरले. ते काठी टेकवून उभे राहिले, मागं वळले, आपली रांग डोळ्यांखालून घातली आणि चौतीस वर्षं व्हरांडे दणाणून सोडलेल्या आवाजात त्यांनी पुकारा केला:

"सगळे नातेवाईक हजर आहेत!"

मग आत्यानं हात वर केला. मग नाट्यगृह जे हसायला लागलं, ते थांबेना. बुकबाइंडरच्या अंगावरची चादर आधी पोटावर हलली, मग सगळीच हलू लागली. स्टेजवरची म्हातारी बायको डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तक्रारसाहेबांनी काहीतरी करायला हवं होतं. त्यांच्या तोंडून तक्रार कक्षातल्या सवयीनं निघालं, "नोंद घेतली आहे," आणि ते डावीकडून बाहेर पडले.

घरी परतताना कोणी त्यांच्याशी नाटकाबद्दल बोललं नाही. बायकोनं तेवढं जेवताना त्यांच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातवाले दारात उभे. तक्रारसाहेबांनी पांढरा कोट आधीच घडी करून पिशवीत घातला होता. तो त्यांनी पुढं केला आणि म्हणाले, "माझी चूक झाली."

"अहो, चूक कसली! आमच्या नाटकाला लोक पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले," दातवाले म्हणाले. "काल रात्रीपासून फोन येतायत. आणखी तीन प्रयोग ठरलेत. आता ते विनोदी करायचं." आणि ते तक्रारसाहेबांना ओलांडून आप्पांच्या खाटेशी गेले. "काका, तुम्ही काम कराल का? म्हाताऱ्याचे थोरले भाऊ. शेवटच्या अंकात सगळ्या नातेवाइकांना घेऊन येता."

आप्पांनी विचार करायला तेवढाच वेळ घेतला जेवढा चष्मा लावायला लागतो. "वाक्यं किती?"

"अकरा."

"न्यायला-आणायला माणूस लागेल. कोमट पाणी लागेल. आणि बसायला खुर्ची."

"सगळं मिळेल."

"आणि डॉक्टर?" तक्रारसाहेबांनी मागून विचारलं.

दातवाले जरा अवघडले. "त्याचं असं झालंय," ते म्हणाले, "नातेवाईक आता आपणहून येतात. त्यामुळे त्यांना बोलवायचं काही कारण उरत नाही." त्यांनी कोटाची पिशवी काखेत मारली.

नातेवाईक सोमवारी गेले. मोठ्यांची खाट धाकट्यांनी स्टँडपर्यंत उचलून नेली. त्यानंतर रोज सहाला आप्पा पांढरा शर्ट घालून दारात तयार असत आणि रोज सव्वासहाला ऑफिसातून धापा टाकत आलेले तक्रारसाहेब त्यांना जुन्या गाडीत बसवून तालमीला नेत. थर्मास एका हातात, आप्पांचा दंड दुसऱ्या हातात. तालमीत आप्पांचं सगळं उत्तम चाललं होतं, वाक्यं सोडून. अकरातलं एकही डोक्यात राहत नव्हतं. शेवटी दातवाल्यांनी तक्रारसाहेबांच्या हातात संहिता दिली आणि म्हणाले, "तुम्ही असेही इथं बसलेलेच असता. विंगेतून सांगत जा." पहिल्याच दिवशी असंही आढळलं, की आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि विंग डावीकडेच होती.

प्रयोगाला तीनशे माणसं आली. तिसऱ्या अंकात आप्पा नातेवाइकांना घेऊन शिरले, खुर्चीवर बसले आणि थांबले. तक्रारसाहेबांनी विंगेतून पहिलं वाक्य हळू सांगितलं. आप्पांनी कान पुढं केला. तक्रारसाहेबांनी जरा मोठ्यानं सांगितलं. आप्पा वाट बघत राहिले. मग तक्रारसाहेबांनी दोन्ही पायांवर नीट उभं राहून, छाती भरून, 'भावा' या शब्दावर थांबून, शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळेल असं सांगितलं. आप्पांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि पुन्हा म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरं वाक्य आलं.

परतताना आप्पा मागच्या सीटवर हार मांडीवर घेऊन बसले होते. बायको पुढं होती.

"सहाव्या रांगेपर्यंत सगळं ऐकू येत होतं," बायको म्हणाली. "अकराच्या अकरा."

"आप्पांचा आवाजच तसा आहे."

"मी तुमचं म्हणतेय." ती खिडकीबाहेर बघत होती. "सातवं तर फारच छान झालं."

तक्रारसाहेबांनी गिअर बदलला. बदलायची काही गरज नव्हती.

"काय म्हणतेय ती?" मागून आप्पांनी विचारलं.

"छान झालं म्हणतेय, आप्पा!"

"छान झालंच," आप्पा म्हणाले. "पण जावईबुवा, पुढच्या वेळी जरा हळू सांगा. लोकांना वाटतं, मला पाठ नाही."

"बरं, आप्पा," तक्रारसाहेब म्हणाले, आणि पुढच्या प्रयोगाला सातवं वाक्य आणखी थोडं मोठ्यानं सांगायचं असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.